नवशिक्यांसाठी ओव्हरक्लॉकिंग : मुक्काम नारायणगड, महिना मे

सूचना नीट वाचाव्यात. हे मार्गदर्शन बीड जिल्ह्यातल्या, त्यातही नारायणगडाच्या परिसरात पत्र्याच्या खोलीत डेस्कटॉप मांडून बसलेल्या नवशिक्यांसाठी आहे. बाकीच्यांना वाचायला मनाई नाही. फक्त आकडे आपापल्या गावच्या उन्हाप्रमाणे बदलून घ्यावेत. हे बजावून सांगायचं कारण असं, की प्रोसेसरचा वेग कसा वाढवावा हे शिकवणारे यूट्यूबवरचे बहुतेक गुरू थंड मुलखात बसलेले असतात. त्यांच्या व्हिडिओत 'खोलीचं तापमान २१ अंश' असं एक वाक्य येऊन जातं आणि आपण ते मनावर घेत नाही. २१ अंश आपल्याला मे महिन्यातली पहाटसुद्धा देत नाही. दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याखाली तो कुठे जातो हे मोजायला कुणी थांबत नाही.

साहित्य : डेस्कटॉप एक. पेचकस एक. थर्मल पेस्टची ट्यूब एक. रंगकामाचा कोरा ब्रश. जुनी सुती बनियन. दुपारी दोन ते चार घरातली मोठी माणसं झोपलेली असणं, कारण पुढचं सगळं त्यांच्यासमोर करता येत नाही.

पायरी शून्य : हे करायचं कशाला?

गडाला धाकटी पंढरी म्हणतात. नगद नारायण महाराजांचं हे स्थान. आषाढी-कार्तिकीला इथे गर्दी, एरवी गावोगाव हरिनाम सप्ताह. सप्ताह म्हटला की कीर्तन आलं, आणि आता कीर्तन म्हटलं की शूटिंगही आलं. दोन तासांचं कीर्तन, तीन कॅमेरे, वर एक ड्रोन. काल्याच्या दिवशी महाप्रसादाची पंगत उठायच्या आत कुणीतरी येऊन विचारतो, "भाऊ, टाकलं का?" टाकलेलं नसतं. एक्स्पोर्टची पट्टी २९ टक्क्यांवर असते आणि शेजारी लिहिलेलं असतं : शिल्लक वेळ ४ तास १० मिनिटं. अर्ध्या तासाने तिथे ४ तास ४० मिनिटं दिसतात. काम पुढे सरकतंय आणि वेळ मागे, हे पाहिल्यावर नवशिक्याला आठवतं, की प्रोसेसर म्हणे खोक्यावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त वेगाने पळवता येतो.

येतो. पण आधी पुढची पायरी.

पायरी पहिली : कुलूप आहे का पाहा

जिल्ह्याच्या गावी मिळणारे बरेचसे स्वस्त डेस्कटॉप कुठल्या तरी शहरातल्या कचेरीतून निवृत्त होऊन आलेले असतात. काळं, आडवं खोकं. आत आय-फाइव्ह २४०० किंवा ४५७०. या प्रोसेसरांचा गुणक, म्हणजे बसच्या मूळ वेगाला ज्याने गुणलं की प्रोसेसरचा वेग मिळतो तो आकडा, इंटेलने बंद केलेला आहे. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के' अक्षर हवं आणि मदरबोर्ड 'झेड' मालिकेचा हवा. दोन्हींपैकी एक नसेल तर बायोसमध्ये जाऊन कितीही वेळ बसलात तरी फक्त तारीख आणि वेळ बदलता येते. एएमडीच्या रायझनचं तसं नाही. ते बहुतेक खुले असतात. मात्र ए-३२० किंवा ए-५२० असा स्वस्तातला बोर्ड असेल तर तिथेही दार बंदच.

पूर्वी असं नव्हतं. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याचा गुणक साडेचार. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, की ३०० मेगाहर्ट्झचा हा गरीब घरचा प्रोसेसर ४५० वर धावायचा आणि त्या वेळच्या सगळ्यात महागड्या पेंटियम टूच्या खांद्याला खांदा लावायचा. कंपन्यांनी कुलपं उगाच नाही लावली.

ज्यांचा प्रोसेसर कुलूपबंद निघाला त्यांनी वाचन थांबवू नये. त्यांच्या उपयोगाचं सगळं पुढेच आहे, आणि खरं सांगायचं तर कुलूप नसलेल्यांच्याही उपयोगाचं तेवढंच आहे.

पायरी दुसरी : तापमान पाहायला शिका

विंडोजचा टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वेग दाखवतो, तापमान दाखवत नाही. त्यासाठी एचडब्ल्यू-इन्फो हे फुकटचं साधन घ्यावं. उघडलं की शंभरेक ओळी समोर येतात आणि त्यातली एक हमखास १२७ अंश दाखवत असते. घाबरू नये. मदरबोर्डवरच्या ज्या जागेला सेन्सर जोडलेलाच नाही ती जागा असे आकडे फेकते. कधी १२७, कधी उणे काहीतरी. खरोखर १२७ अंश असते तर ते तुम्हाला वाचून कळलं नसतं, वासाने कळलं असतं.

उलटा प्रकारही घडलेला आहे. २०१७ साली आलेले रायझनचे १७००एक्स आणि १८००एक्स हे प्रोसेसर पंख्यासाठी जो आकडा सांगत, तो खऱ्यापेक्षा २० अंशांनी जास्त असे. हे कंपनीने जाणूनबुजून ठेवलं होतं, सगळ्या मॉडेलांचे पंखे एकाच हिशेबाने फिरावेत म्हणून. अनेकांनी त्या आकड्यापायी दुसरा कूलर आणला, तिसरा आणला. प्रोसेसर बिचारा पहिल्यापासून गार होता.

आपण तीन ओळींवर डोळा ठेवायचा : प्रोसेसरचं सर्वाधिक तापमान, प्रत्यक्ष वेग, आणि 'थर्मल थ्रॉटलिंग' (तापल्यावर वेग कापणं) या नावापुढे 'हो' आहे की 'नाही'. चौथी ओळ साधनात नसते. ती भिंतीवर असते. बाजारातून खोलीचा साधा थर्मामीटर आणून खिळ्याला टांगावा. त्याचं काम पुढे येतं.

पायरी तिसरी : काहीही वाढवू नका

ही पायरी नवशिक्यांना आवडत नाही. बायोसला हात न लावता, आहे त्या सेटिंगवर, भर दुपारी अर्धा तास पूर्ण भार द्या. सिनेबेंच चालवा, तो एक चित्र पुन्हा पुन्हा रंगवत बसतो. हाडाचा छळ करायचा असेल तर प्राइम-९५ घ्या. हा प्रोग्राम मुळात प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी १९९६ च्या सुमारास लिहिला गेला. जगाने त्याचा उपयोग प्रोसेसर तापवण्यासाठी केला. नाहीतर सरळ कीर्तनाचा एक्स्पोर्ट लावा, तेवढंच काम होईल.

पहिली पाच मिनिटं वेग खोक्यावर लिहिल्याप्रमाणे. मग हळूहळू उतरायला लागतो : ४.२, ३.९, ३.४. ओळीपुढे 'हो' उमटतं. म्हणजे ओव्हरक्लॉकिंग सुरू करण्याआधीच तुमचा संगणक अंडरक्लॉकिंग करत होता आणि तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. शिल्लक वेळ मागे का जात होता, तेही आता कळलं.

थ्रॉटलिंग हा दोष समजून त्याला शिव्या देण्याची पद्धत आहे. त्याच्याशिवाय काय होतं हे २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाच्या मंडळींनी जगाला दाखवलं. चालू संगणकाच्या प्रोसेसरवरून त्यांनी हीटसिंकच उचलून काढला. एएमडीचा तेव्हाचा ॲथलॉन क्षणात धूर काढून गेला. पेंटियम ४ मात्र चालत राहिला. फक्त त्यावरचा गेम संथ झाला. हीटसिंक परत ठेवल्यावर तो पूर्ववत पळू लागला. आजचे सगळे प्रोसेसर त्या पेंटियमच्या वळणावर गेलेले आहेत. इंटेलचे अलीकडचे डेस्कटॉप प्रोसेसर बहुधा १०० अंशांना स्वतःचा वेग कापतात. रायझन ७००० मालिकेतले बरेचसे ९५ ला अडतात, आणि त्यातल्या वरच्या मॉडेलांबद्दल तर कंपनीनेच सांगून ठेवलंय की भाराखाली ते ९५ पर्यंत जाऊन तिथे राहणारच. तेव्हा नुसता आकडा पाहून छाती दडपू देऊ नका. आकडा आणि वेग जोडीने पाहा.

पायरी चौथी : वेग नक्की कुणी कापला?

इथे घाई करू नये. वेग कमी झाला की सगळे पेस्ट बदलायला धावतात. पेस्टचा दरवेळी संबंध असतोच असं नाही.

पहिला संशयित, उष्णता. तापमान मर्यादेला टेकलेलं आणि वेग पायरीपायरीने उतरलेला, तर हाच.

दुसरा, वीज. तापमान ६८, काही चिंता नाही, तरी भार दिल्यावर अर्ध्या मिनिटात वेग उतरतो आणि मग तिथेच स्थिर राहतो. किती वीज खायची, याचा हा ठरलेला करार आहे. उदाहरणार्थ आय-फाइव्ह १२४०० हा मूळ ६५ वॅटचा प्रोसेसर; त्याला थोडा वेळ ११७ वॅटपर्यंत खाण्याची मुभा, आणि हा थोडा वेळ बहुधा २८ सेकंदांचा. त्यानंतर ६५ वर परत. बोर्ड बनवणारे ही मर्यादा आपल्या मर्जीने सैल किंवा घट्ट करतात, म्हणून एकच प्रोसेसर तुमच्याकडे एक वेग देतो आणि मित्राकडे दुसरा. पेस्टची आख्खी ट्यूब रिकामी केलीत तरी २८ चे २९ सेकंद होणार नाहीत. ही मर्यादा बायोसमध्ये असते.

तिसरा संशयित फार कमी लोकांच्या लक्षात येतो. प्रोसेसर ७० अंशांवर, पण वेग एकदम कोसळून ८०० मेगाहर्ट्झवर, थोड्या वेळाने परत वर, मग परत खाली. हे काम प्रोसेसरच्या शेजारी बसलेल्या, त्याला व्होल्टेज पुरवणाऱ्या सर्किटचं. त्याला व्हीआरएम म्हणतात. ते तापलं की तेच प्रोसेसरला 'थांब' म्हणून सांगतं. स्वस्त बोर्डावर त्याच्या डोक्यावर साधा ॲल्युमिनियमचा तुकडाही नसतो. यातली गंमत अशी, की खोक्यासोबत फुकट येणारा गोल पंखा हवा खाली बोर्डावर मारतो, त्यामुळे व्हीआरएमला आपसूक वारा मिळतो. आपण तो काढून पाण्याचा झगमगता कूलर बसवतो. प्रोसेसर गार होतो, व्हीआरएमचा वारा जातो, आणि आठ-दहा हजार खर्चून संगणक पहिल्यापेक्षा हळू चालतो. असं झालं तर एक साधा पंखा व्हीआरएमकडे तोंड करून लावावा.

चौथा, वीजच, पण तारेतली. संगणक धाडकन बंद पडला तर आधी वर पाहा. छताचा पंखाही थांबलेला असेल तर दोष तुमच्या ओव्हरक्लॉकिंगचा नाही. विंडोजच्या नोंदवहीत शोधून उपयोग नाही. लाइट गेली काय किंवा प्रोसेसर अडखळून मशीन बंद पडलं काय, तिथे ४१ नंबरची तीच नोंद पडते.

पायरी पाचवी : खोली

आता भिंतीवरचा थर्मामीटर. कूलर हवेचा असो की पाण्याचा, तो प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. त्याचं काम एवढंच, की प्रोसेसर आणि खोली यांच्यातलं अंतर कमी ठेवायचं. समजा पूर्ण भारावर हे अंतर ५५ अंश आहे. जानेवारीत खोली २५, प्रोसेसर ८०, हातात २० अंश शिल्लक. त्याच मशीनला मे महिन्यात खोली ४२ मिळाली की प्रोसेसर ९७, शिल्लक ३. कुणी काहीही बिघडवलेलं नाही. म्हणून थंडीत केलेलं ओव्हरक्लॉकिंग म्हणजे साखरपुडा समजावा. लग्न टिकतं की नाही ते मे महिन्यात, दुपारी दोन ते चार या वेळेत कळतं.

बालाघाटच्या उंचीवर हवा विरळ, म्हणून संगणक तापतो, असं सांगणारा एक जाणकार प्रत्येक गावात भेटतो. त्याचं अगदीच खोटं नाही, पण आपल्या उंचीला तो फरक फार किरकोळ आहे. त्याला चहा पाजावा आणि कॅबिनेट कुठे ठेवलंय ते पाहावं. ते लाकडी टेबलाच्या बंद कप्प्यात, मागे भिंत, वर लग्नपत्रिका आणि बाजूला तुरीचं पोतं, असं असेल तर अभ्यास इथेच संपला. बाहेर काढा.

मग उघडा. आपल्या जिल्ह्यात कापूस होतो, आणि कापसाचे तंतू जिथे वारा खेचला जातो तिथे जमतात. हीटसिंकच्या पात्यांमध्ये पंख्याखाली एक मऊ, राखाडी गादी तयार झालेली असते. वरून पंखा जोरात फिरताना दिसतो, खाली वारा जात नाही. पंखा काढून ब्रशने गादी उचला. पंप मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

याच वेळी झोपलेले आण्णा उठतात आणि दारात येऊन उभे राहतात.

"काय करायलास रे?"

"सफाई."

"चालू होतं ना चांगलं?"

या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही. काम चालू ठेवावं.

हीटसिंक काढलाच आहे तर खाली पाहा. इंटेलच्या जुन्या कूलरला प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात. चारपैकी तीन बसलेल्या आणि चौथी नुसती टेकलेली, हा आजार फार पसरलेला आहे. दुसरा आजार म्हणजे नव्या कूलरच्या तळाला चिकटलेली पारदर्शक पट्टी. 'हे काढून मग बसवा' असं तिच्यावर लिहिलेलं असतं आणि ते वाचायला ती आधी काढावी लागते. जुनी पेस्ट वाळून खडू झाली असेल तर बनियनच्या तुकड्याने पुसा, वाटाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवा, कूलर दाबून बसवा, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळा. पेस्ट जास्त लावल्याने जास्त गार होत नाही. ती फक्त दोन धातूंमधल्या बारीक फटी बुजवते.

आता खोलीतला मोठा कूलर, वाळ्याचा किंवा गवताच्या पट्ट्यांचा. मे महिन्यात आपली हवा कोरडी असते, त्यामुळे खिडकीतला कूलर खोली चांगली आठ-दहा अंशांनी उतरवू शकतो, आणि वरच्या हिशेबाप्रमाणे हे सगळे अंश प्रोसेसरला जसेच्या तसे मिळतात. ओव्हरक्लॉकिंगसाठी जिल्ह्यात याहून स्वस्त उपकरण नाही. अट एकच : समोरची खिडकी उघडी हवी. खोली बंद करून कूलर लावला की थोड्या वेळात हवा दमट होते, कूलर निव्वळ आवाज करतो. आणि उघड्या कॅबिनेटवर त्याचं तोंड कधीही धरू नये. तुषारांबरोबर टँकरच्या पाण्यातले क्षार येतात. पाणी वाळतं, क्षार बोर्डावर राहतात. मृग लागून दोन पाऊस पडले की हा उपाय आपोआप संपतो. मात्र तोवर उन्हाळाही उतरलेला असतो.

पायरी सहावी : आता वाढवा

इथवर आलेल्यांपैकी बहुतेकांचा संगणक एव्हाना खोक्यावर लिहिलेल्या वेगाने चालू लागलेला असतो, आणि त्यांना तो ओव्हरक्लॉक झाल्यासारखा वाटतो. त्यांनी कीर्तनं एक्स्पोर्ट करायला घ्यावीत. उरलेल्यांसाठी हिशेब सांगतो.

प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही १० टक्के वाढवलं, तर १.१ गुणिले १.२१, म्हणजे उष्णता एक तृतीयांशाने जास्त. दहा टक्के कमावले, तेहतीस टक्के मोजले. सावकारही एवढा कठोर नसतो. त्यातून बायोसमध्ये व्होल्टेज 'ऑटो' ठेवलं तर बोर्ड सुरक्षित बाजूला राहण्यासाठी गरजेपेक्षा जास्तच देतो. २०२४ मध्ये तर इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर स्वतःच नको तितकं व्होल्टेज मागून घेतात आणि त्याने खराब होतात असं उघड झालं; कंपनीने बायोसमार्फत दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे त्यातला असेल तर हे मार्गदर्शन बाजूला ठेवून आधी नवं बायोस टाका.

आपल्या हवेत खरी कमाई उलट्या दिशेला आहे. व्होल्टेज थोडं थोडं कमी करत जा. नव्या रायझनमध्ये यासाठी 'कर्व्ह ऑप्टिमायझर' नावाची सोय असते. त्यात उणे आकडे टाकायचे. प्रत्येक टप्प्यावर अर्धा तास भार द्यायचा. उष्णता घटते, थ्रॉटलिंग थांबतं, आणि प्रोसेसर स्वतःहून वरचा वेग जास्त वेळ धरतो. वेग वाढवायला व्होल्टेज घटवावं लागतं, हे आण्णांना पटणार नाही.

फार खाली गेलात तर निळा पडदा येईल. किंवा काहीच येणार नाही, फक्त काळोख. मग वीज काढून बोर्डावरची गोल चपटी बॅटरी, सीआर २०३२, काही मिनिटं काढून परत बसवा. बायोस सगळं विसरून पहिल्या दिवसावर येतो.

शंका-समाधान

प्रश्न : मोठे ओव्हरक्लॉकर द्रवरूप नायट्रोजन वापरतात म्हणे. तो कुठे मिळतो?

उत्तर : वापरतात. तो उणे १९६ अंशांचा असतो आणि त्याच्या जोरावर ८ गिगाहर्ट्झच्या वरचे विक्रम झालेले आहेत. मिळण्याबाबत म्हणाल तर तो तुमच्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आत्ता या क्षणी आहे. कृत्रिम रेतनाच्या गोठवलेल्या मात्रा त्याच कॅनमध्ये ठेवतात. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला बाएफ सुरू केली आणि संकरित गाईंसाठी हे तंत्र गावोगाव नेणाऱ्यांत ती संस्था पुढे होती. डॉक्टरांकडे मागून पाहायला हरकत नाही. कशासाठी हवाय, हे मात्र त्यांना तुम्ही समजावून सांगा. आम्हाला त्यात ओढू नका.

प्रश्न : रात्री एक्स्पोर्ट लावला तर?

उत्तर : पहाटेपर्यंत खोली दहा-बारा अंशांनी उतरते. पैसा लागत नाही. हा उपाय पहिल्या पानावर छापायला हवा होता, पण मग पुढचं कुणी वाचलं नसतं.

प्रश्न : ओव्हरक्लॉकिंगने प्रोसेसर गेला तर वॉरंटीत बदलून मिळतो का?

उत्तर : साधारणपणे नाही, तसं कंपन्यांच्या अटींतच असतं. पण पंखा, रॅम, पॉवर सप्लाय यांची वॉरंटी तुमचीच आहे, आणि त्यासाठी बिल लागतं. दुकानातलं ते गुळगुळीत कागदावरचं बिल उष्णतेला संवेदनशील असतं. ते कॅबिनेटवर ठेवलं असेल तर आत्ताच उठून पाहा. अजून काही वाचता येत असेल तर बसस्थानकासमोर जाऊन त्याची झेरॉक्स काढून आणा.